पुस्तक मुलाचं, पसंती कुणाची?

मुलांसाठी लिहिलेलं पुस्तक मुलाच्या हाती पडतं तेव्हा ते बऱ्याच मोठ्या माणसांच्या हातांखालून गेलेलं असतं. लेखक मोठा, संपादक मोठा, चित्रकार मोठा. शाळेच्या ग्रंथालयासाठी यादी करणारे शिक्षक मोठे, आणि प्रदर्शनात पुस्तक उलटसुलट करून किंमत बघणारे आईबाबाही मोठेच. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, त्याला विचारायची पाळी सगळ्यात शेवटी येते. कित्येकदा येतच नाही. मुलांसाठी लिहिणाऱ्याच्या दोन मोठ्या अडचणी इथूनच सुरू होतात. पहिली अडचण आवाजाची. लेखक मुलाशी बोलत असतो, पण त्याची नजर मुलाच्या मागे उभ्या असलेल्या मोठ्या माणसावर असते आणि त्यामुळे त्याचा स्वर बिघडतो. दुसरी अडचण टीकेची. लेखनावर येणारे अभिप्राय बहुतेक सगळे मोठ्यांचेच असतात, आणि त्यांतला मुलाच्या बाजूचा कोणता आणि मोठ्यांच्या सोयीचा कोणता हे निवडणं सोपं नसतं. माझ्या मते या दोन अडचणी एकच आहेत. ज्याला आपण कुणाशी बोलतो आहोत हे पक्कं ठाऊक असतं, त्याला कुणाचं ऐकायचं हेही कळत जातं.

स्वीडनच्या आस्त्रिद लिंदग्रेन यांच्या पहिल्यावहिल्या गाजलेल्या पुस्तकाची हकीकत या दृष्टीनं वाचण्यासारखी आहे.

१९४१ च्या हिवाळ्यात स्टॉकहोममध्ये त्यांची मुलगी कारिन न्यूमोनियानं आजारी होती. अंथरुणात पडल्या पडल्या तिनं आईकडे गोष्टीचा हट्ट धरला. कुणाची गोष्ट, असं विचारल्यावर तिनं तिथल्या तिथं एक नाव रचून सांगितलं: पिप्पी लोंगस्त्रुम्प. नाव असं चमत्कारिक, तेव्हा मुलगीही तशीच हवी. मग आईनं एकटी राहणारी, घोडा उचलून धरण्याइतकी ताकद असलेली, पोलिसांना दमवणारी आणि शाळेत गेल्यावर बाईंनाच प्रश्न विचारणारी पिप्पी सांगायला घेतली. ही गोष्ट पुढे काही वर्षं तोंडीच वाढत गेली. कारिन आणि तिच्या मैत्रिणी ऐकायच्या, त्यांना जे आवडे ते पुन्हा पुन्हा मागायच्या. १९४४ मध्ये लिंदग्रेन बर्फावरून घसरल्या, पाय मुरगळला आणि त्यांना घरी पडून राहावं लागलं. स्टेनोग्राफीचं शिक्षण झालेलं असल्यामुळे त्यांनी ती गोष्ट लघुलिपीत उतरवून काढली आणि नीट टंकलिखित करून कारिनला तिच्या दहाव्या वाढदिवसाला दिली. एक प्रत बोनियर्स या नामांकित प्रकाशनसंस्थेकडे धाडली. तिथून ती परत आली.

इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही लेखकाच्या चरित्रात सापडेल. महत्त्वाचं आहे ते पुढचं. लिंदग्रेन यांनी परत आलेलं हस्तलिखित तसंच दुसरीकडे पाठवलं नाही आणि रागानं कपाटातही टाकलं नाही. त्यांनी ते पुन्हा लिहिलं. राबेन अँड श्योग्रेन या प्रकाशनसंस्थेनं १९४५ मध्ये घेतलेल्या बालपुस्तकांच्या स्पर्धेत या नव्या मसुद्याला पहिलं बक्षीस मिळालं, आणि त्याच वर्षी पुस्तक बाहेर आलं. मूळ मसुदा लिंदग्रेन यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २००७ मध्ये, स्वतंत्रपणे छापला गेला. त्यामुळे आज दोन्ही शेजारी ठेवून वाचता येतात, आणि मुलांसाठी लिहू पाहणाऱ्याला यापरती शिकवणी मिळणं कठीण आहे. पहिल्या मसुद्यातली पिप्पी जास्त उद्धट आहे, जास्त बेबंद आहे. शब्दांचे निरर्थक खेळ तिथं लांबत जातात. दुसऱ्या मसुद्यात असे बरेच खेळ छाटले आहेत, आणि पिप्पीच्या दांडगाईला मायेची जोड मिळाली आहे.

पण काय छाटलं नाही तेही बघावं. तिची ताकद तशीच राहिली. तिचं एकटीनं राहणं राहिलं, थापा राहिल्या, शाळा नाकारणं राहिलं. एखाद्या घाबरट मोठ्या माणसानं नेमकं हेच काढायला सांगितलं असतं. लिंदग्रेन यांनी काढलं ते ऐकणाऱ्या मुलाला अडवणारं, आणि ठेवलं ते मोठ्यांना खुपणारं. पुढे १९४६ मध्ये योन लांडक्विस्ट नावाच्या प्राध्यापक समीक्षकानं वर्तमानपत्रातून पिप्पीवर झोड उठवली. कुठलंही धड मूल मेजवानीत अख्खा केक एकटं खात नाही, अशा थाटाचा त्यांचा आक्षेप होता. या टीकेपायी पिप्पी काही सोज्वळ झाली नाही. नकार आल्यावर स्वतःचं लेखन उघडून बसणारी ही लेखिका प्राध्यापकांच्या रागापुढे मात्र ठाम राहिली. हट्टी लेखकाला पहिलं जमत नाही आणि भिडस्त लेखकाला दुसरं. तिला दोन्ही जमलं याचं कारण मला त्या तोंडी वर्षांत दिसतं. कारिन आणि तिच्या मैत्रिणींचे चेहरे तिनं पाहिले होते. कुठल्या जागी मुली खिदळतात आणि कुठं त्यांचं लक्ष उडतं याचा हिशेब तिच्याजवळ तयार होता. टीका आली की ती त्या हिशेबाशी ताडून पाहता येत होती.

आवाज म्हणजे नेमकं काय, हे शिकवायला अवघड पण ओळखायला सोपं असतं. वाक्यं किती लांब, गोष्ट कोण सांगतंय, ऐकणाऱ्याला काय काय ठाऊक आहे असं तो धरून चालतो, आणि मुख्य म्हणजे भांडणात तो कुणाच्या बाजूला उभा आहे, या सगळ्याचं मिळून आवाज बनतो. मराठीत हा आवाज बिघडल्याच्या खुणा चटकन सापडतात. 'बालमित्रांनो' अशी हाक मारून सुरुवात होते. ससा चिमुकला असतो, त्याचं घर इवलंसं असतं, त्याचे डोळे लुकलुकतात आणि आई गोडगोड पापा घेते. दर दोन वाक्यांनी 'बरं का' येतं. शेवटच्या परिच्छेदात ससा शहाणा होतो, आणि आपणही त्याच्यासारखं शहाणं व्हायचं असं ठरतं.

या 'बरं का'शी माझं वैर नाही. आजी गोष्ट सांगताना ते म्हणते तेव्हा त्याला काम असतं. पोराची नजर खिडकीकडे वळली, की ती 'बरं का' म्हणून ती परत ओढून आणते. पोराचा डोळा लागत आला की तीच आजी आवाज उतरवते आणि राक्षस लवकर मारून टाकते. छापील पानाला समोरचं पोर दिसत नाही. तिथं 'बरं का' कुणालाच परत ओढत नाही; लेखक मुलांच्या फार जवळचा आहे, असं मागे उभ्या मोठ्या माणसाला पटवण्यापुरतं ते उरतं. तोंडी गोष्टीतून कागदावर आणायचं ते शब्द नव्हेत, तर समोरच्याचं भान.

ते भान कसं असतं हे पाहायला आपली चिऊ-काऊची गोष्टच घ्या. पावसात काऊचं घर वाहून जातं, तो चिऊच्या दाराशी येतो, आणि चिऊ आतून त्याला थांबवत राहते. तिची कारणं कुठली? बाळाला न्हाऊ घालायचंय, अंग पुसायचंय, काजळ घालायचंय, तीट लावायचीय. ऐकणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाची रोजची सकाळच त्या कारणांत क्रमानं मांडलेली असते. प्रत्येक वेळी दार वाजतं तेव्हा पुढचं उत्तर त्याला आधी ठाऊक असतं, आणि ते आपण आधी म्हणावं यासाठी त्याचा जीव वरखाली होतो. सांगणारा घाईत असला की बाळाची तयारी दोन कारणांत उरकते. सवड असली की दहा कारणं निघतात. चिऊ बरोबर वागली की चूक, हे गोष्ट सांगत नाही. कुणी शिक्षणतज्ज्ञानं बसून आखली नाही, तरी या गोष्टीत मुलाचं वय, त्याचा दिवस आणि त्याची स्मरणशक्ती यांचा इतका नेमका विचार आहे, की लिहिणाऱ्यानं ती मोठ्यानं म्हणून बघावी आणि मग आपलं लेखन म्हणून बघावं.

बोध नको, असा याचा अर्थ नाही. 'श्यामची आई' बोधानं ओतप्रोत आहे. साने गुरुजींनी ते १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहून काढलं, १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झालं, आणि अजून घराघरांत वाचलं जातं. तरी त्यातला बोध बोचत नाही. एक तर तिथं श्याम रात्री आश्रमातल्या सोबत्यांना गोष्ट सांगतो आहे. ते मधेमधे बोलतात, उद्या पुढचं ऐकायला जमतात. सांगणाऱ्याच्या पुढ्यात माणसं आहेत, नुसता 'वाचक' नाही. दुसरं म्हणजे श्याम स्वतःला शहाणा म्हणून उभा करत नाही. तो पोहायला घाबरून लपून बसतो, आई त्याला मारून बाहेर काढते. तो चोरी करतो, लाजतो, रडतो. शिकवण देणारी आई आहे आणि शिकणारा सांगणाराच आहे. ऐकणारं मूल त्याच्या शेजारी बसून आईचं ऐकतं. बोधाचा बाण मुलाकडे रोखलेला नसतो, म्हणून मूल अंग चोरत नाही. गुरुजींचे शब्द आणि त्यांचं रडणं उचलून लिहिलेल्या नकला पुढे पुष्कळ झाल्या. सांगणाऱ्याची ही जागा फारच थोड्यांना उचलता आली.

हा फरक वाक्यांत कसा उतरतो ते दाखवण्यासाठी एक लहानसा मजकूर मुद्दाम रचतो. समजा, पावसात गळणाऱ्या घराबद्दल लिहायचं आहे. एक मसुदा असा:

"बालमित्रांनो, पाऊस कुणाला आवडत नाही? पण छोट्या सोनूचं घर होतं गरिबाचं. छपरातून पाणी गळायचं. सोनूच्या आईला किती त्रास व्हायचा! पण सोनू मोठा गुणी मुलगा होता. तो आईला मदत करी."

आणि दुसरा असा:

"रात्री छप्पर गळायला लागलं. आईनं गळतीखाली पातेलं ठेवलं. टण्. मग दुसरीकडे गळायला लागलं, तिथं बालदी ठेवली. तिचा आवाज जाडा होता. तिसऱ्या गळतीला आई काही शोधायच्या आत सोनूनं ताट आणून सरकवलं. ताट सगळ्यात मोठ्यांदा वाजलं. आई म्हणाली, 'अरे, ताटात पाणी राहील का?' सोनू म्हणाला, 'राहू दे ना, ऐक तरी.'"

पहिल्या मजकुरात सोनू गुणी आहे हे लेखक मोठ्यांना सांगतो आहे. दुसऱ्यात गरिबी आहे, मदत आहे, आईचा त्रासही आहे. पण लेखक सोनूच्या उंचीवर बसून भांड्यांचे आवाज ऐकतो आहे. आता हा दुसरा मजकूर अभिप्रायासाठी दिला तर काय होईल याचा अंदाज करता येतो. एक मोठा माणूस म्हणेल, यातून मुलांनी घ्यायचं काय? दुसरा म्हणेल, ताटात पाणी साठत नाही हे सोनूला कळायला हवं, तेव्हा त्याची चूक दुरुस्त करा. तिसरा म्हणेल, 'टण्' आणि 'जाडा आवाज' असं एकापाठोपाठ आलं की तोंडात अडखळतं, बालदीलाही तिचा स्वतःचा आवाज द्या. पहिले दोन अभिप्राय मोठ्यांच्या सोयीचे आहेत, तिसरा मुलाच्या कानाचा आहे. तिसरा देणाराही मोठाच माणूस असू शकतो, हे विसरू नये. कोण बोललं यावरून अभिप्रायाची बाजू ठरत नाही. तो कुणाच्या वतीनं बोलला ते बघावं लागतं.

या निवडीचं सर्वांत स्वच्छ उदाहरण मला अमेरिकेच्या ई. बी. व्हाइट यांच्या दोन पुस्तकांत मिळतं. १९४५ मध्ये त्यांचं 'स्टुअर्ट लिटल' हे पुस्तक छापून यायच्या बेतात होतं. न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या बालविभागाची सूत्रं कित्येक वर्षं सांभाळून निवृत्त झालेल्या ॲन कॅरोल मूर यांनी त्याचे छापील तपासणीचे कागद वाचले. मुलांच्या ग्रंथालयांच्या जगात त्यांचा शब्द वजनदार होता. माणसाच्या घरी उंदरासारखा मुलगा जन्मतो, ही कल्पनाच त्यांना पटली नाही. पुस्तक छापू नये, असं सांगणारं लांबलचक पत्र त्यांनी व्हाइट यांच्या पत्नीला लिहिलं. व्हाइट यांनी पुस्तक छापलं. मुलांनी ते डोक्यावर घेतलं.

सात वर्षांनी, १९५२ मध्ये, 'शार्लट्स वेब' आलं. गोठ्यातल्या डुकराच्या पिल्लाचा जीव वाचवणाऱ्या कोळिणीची ही गोष्ट. व्हाइट यांनी मेन राज्यातल्या आपल्या शेतावरच्या कोळ्यांचं निरीक्षण केलं होतं, कोळ्यांवरचे शास्त्रीय ग्रंथ वाचले होते. मसुदा पुरा झाल्यावरही समाधान होईना, म्हणून त्यांनी तो बराच काळ बाजूला ठेवला. परत हातात घेतला तेव्हा सुरुवातच बदलली. आधी गोठा आणि प्राणी यांपासून सुरू होणाऱ्या पुस्तकात फर्न ही आठ वर्षांची मुलगी पुढे आली, आणि पहिल्याच वाक्यात ती बाबांच्या हातातली कुऱ्हाड बघून प्रश्न विचारू लागली. कोणी सांगितलं म्हणून हा बदल झाला नाही. पण त्या बदलानं वाचणारं मूल पहिल्या ओळीला गोष्टीच्या आत शिरतं.

मग हस्तलिखित हार्पर प्रकाशनाच्या संपादक अर्सुला नॉर्डस्ट्रॉम यांच्याकडे गेलं. शार्लट जिथं मरते त्या प्रकरणाच्या शीर्षकातच तिच्या मृत्यूची बातमी होती. नॉर्डस्ट्रॉम यांनी सुचवलं, की अनुक्रमणिका बघतानाच मुलाला ती कळू नये. शीर्षक बदलून 'शेवटचा दिवस' अशा अर्थाचं केलं गेलं. व्हाइट यांनी हे मानलं. मूर यांनी अख्खं पुस्तक नाकारलं, नॉर्डस्ट्रॉम यांनी एक शीर्षक बदललं. आणि मला दुसरीचा अभिप्राय कितीतरी अधिक खोल वाटतो. मृत्यू काढा, असं त्या म्हणाल्या नाहीत. मृत्यू मुलाला कुठं आणि कसा भेटावा, एवढंच त्यांनी बघितलं. व्हाइट स्वतःही अशाच बारीक गोष्टींवर अडून बसत. चित्रकार गार्थ विल्यम्स यांनी कोळिणीला माणसासारखा चेहरा देऊन पाहिला, तो व्हाइट यांना रुचला नाही. कोळीण कोळिणीसारखीच दिसली पाहिजे, ती आवडायची तर तशीच आवडली पाहिजे, असा त्यामागचा विचार होता.

नॉर्डस्ट्रॉमसारख्या जाणत्या संपादकाचंही सगळंच ऐकायचं असतं असं नाही. मॉरिस सेंडाक यांच्या १९६३ च्या 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर'मध्ये आईवर ओरडून उपाशी झोपायला पाठवलेला मॅक्स राक्षसांच्या बेटावर जाऊन राजा होतो, आणि परत येतो तेव्हा जेवण वाट बघत असतं, अजून गरम. 'गरम' ऐवजी 'कोमट' म्हणावं, मुलाची जीभ भाजेल, अशी सूचना प्रकाशनसंस्थेतून आली होती, असं सेंडाक सांगत. त्यांनी ती मानली नाही. मी त्यांच्या बाजूचा आहे. जेवण गरम आहे याचाच अर्थ आईचा राग ओसरला आहे. कोमट जेवणात माफी नाही. पुढे ब्रुनो बेटेलहाइम या मानसशास्त्रज्ञानं हे पुस्तक मुलांना भेदरवेल असं एका मासिकातल्या सदरात म्हटलं, आणि तेही पुस्तक स्वतः न वाचता, आयांनी केलेल्या वर्णनावरून. मुलांच्या पुस्तकांवर असे अभिप्राय जगभर दिले जातात. मराठीतही भुतं नकोत, मरण नको, आईवडलांचं भांडण नको, शिवी तर मुळीच नको, अशी यादी पुस्तक उघडायच्या आधीच तयार असते.

भाषेबद्दलचा अभिप्राय मात्र थोडा थांबून ऐकावा लागतो. 'हा शब्द मुलांना कळणार नाही' हे वाक्य मुलांसाठी लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला येतं. इंग्लंडच्या बिॲट्रिक्स पॉटर यांनी १९०९ च्या एका ससुल्यांच्या पुस्तकात, कोबीसारखा पाला खाऊन सुस्ती येते हे सांगायला एक भारदस्त, वैद्यांच्या तोंडी शोभेल असा शब्द वापरला. पोरं अडली नाहीत, कारण लगेच ससे पेंगून पडतात. शब्द कठीण की सोपा यापेक्षा त्याच्या अवतीभवती काय घडतं यावर सगळं अवलंबून असतं. आपल्याकडे 'पागोळ्या' हा शब्द फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलाला नवा असेल, पण ओट्यावर बसून एक मुलगी त्या ओंजळीत झेलते असं लिहिलं की अर्थ हाताला लागतो. उलट टोकाला डॉ. स्यूस. वाचायला शिकणाऱ्या मुलांसाठी ठरावीक यादीतलेच शब्द वापरायचे या अटीवर त्यांनी 'द कॅट इन द हॅट' १९५७ मध्ये लिहिलं, त्यात सगळे मिळून २३६ वेगवेगळे शब्द आहेत. बंधन पाळूनही आवाज गुदमरला नाही, उलट त्याला ताल आला. म्हणजे सोपी भाषा आणि बाळबोध भाषा या दोन गोष्टी आहेत, आणि 'कळणार नाही' म्हणणाऱ्याला नेमकं यातलं काय खटकलं हे विचारून घ्यावं.

मराठीत याला आणखी एक पदर आहे, बोलीचा. गोष्टीतला मुलगा चंद्रपूरचा किंवा सावंतवाडीचा आहे आणि तो पुण्याच्या पाठ्यपुस्तकासारखं बोलतो आहे, हे मुलांच्या पुस्तकांत सर्रास घडतं. शाळेत शुद्धलेखन शिकवायचं असतं ही शिक्षकांची अडचण खरी आहे. पण त्या मुलानं संवादातही आपली बोली सोडली, तर गावाकडच्या वाचणाऱ्या पोराला पहिल्याच पानावर कळतं की हे पुस्तक आपल्याशी बोलत नाही. निवेदन प्रमाणभाषेत ठेवून संवाद बोलीत ठेवणं हा जुना, चांगला मार्ग आहे, आणि या बाबतीत येणारी 'अशुद्ध' ही टीका बाजूला ठेवावी असं मी सांगेन.

पॉटर यांचंच आणखी एक. त्यांची 'पीटर रॅबिट'ची गोष्ट १८९३ मध्ये एका आजारी मुलाला लिहिलेल्या पत्रात जन्मली. प्रकाशकांनी नाकारल्यावर त्यांनी १९०१ मध्ये पदरमोड करून २५० प्रती छापल्या. लहान हातात मावेल असं छोटं आणि स्वस्त पुस्तक हवं, यावर त्या अडून राहिल्या. फ्रेडरिक वॉर्न या प्रकाशनसंस्थेनं मात्र चित्रं रंगीत हवीत अशी अट घातली तेव्हा त्यांनी ती मानली, आणि १९०२ मध्ये ते पुस्तक बाजारात आलं. आकाराबद्दल त्या मुलाच्या हाताचा विचार करत होत्या, म्हणून हलल्या नाहीत. रंग मुलांनाही हवेच होते.

आता प्रत्यक्ष मुलांच्या अभिप्रायाकडे येऊ. १९३६ मध्ये लंडनचे प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांनी टॉल्किन यांच्या 'द हॉबिट'चं हस्तलिखित आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला, वाचायला दिलं. मेहनताना एक शिलिंग. त्यानं लेखी अहवाल दिला, की नकाशे असतील तर चित्रांचीही गरज नाही, आणि पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना हे आवडेल. पुढच्या वर्षी पुस्तक निघालं. या अहवालातला वयाचा आकडा मला फार बोलका वाटतो. दहा वर्षांचा मुलगा स्वतः रंगून वाचतो आणि शिफारस मात्र आपल्याहून लहानांसाठी करतो! मुलं मत देताना आपलं मोठेपण सांभाळतात. म्हणून 'आवडलं का' या प्रश्नाचं उत्तर मुलाकडून घेऊ नये. समोर लेखक बसलेला, शेजारी बाई उभ्या. सगळी पोरं एका सुरात 'हो' म्हणणार. त्यांनी गोष्ट परत सांगावी असं मागावं, लेखक खोलीत नसताना मागितलं तर आणखी चांगलं. परत सांगताना जे गळतं ते बहुधा लेखकाचं लाडकं वर्णन असतं. जे बदलतं तिथं गोष्टीचं कारण पटलेलं नसतं. आणि ज्या जागी मूल स्वतः काहीतरी भर घालतं ती जागा जिवंत आहे, तिला धक्का लावू नये. वाचून दाखवताना हातात पेन्सिल ठेवावी, आणि चुळबूळ झाली त्या ओळीशी नुसती रेघ मारावी. कारण नंतर शोधता येतं.

'हॉबिट'चीच एक उत्तरकथा आहे. टॉल्किन यांनी त्यात अधूनमधून वाचकाला उद्देशून, मोठ्यानं लहानाशी बोलावं तसे शेरे टाकले होते. पुढे १९५५ मध्ये लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी त्या लकबीबद्दल मनापासून खेद व्यक्त केला. लहानपणी वाचलेल्या पुस्तकांतून ती आपल्याला नकळत चिकटली होती आणि हुशार मुलांनाही ती आवडत नाही, असा त्यांचा सूर होता. आवाजाबद्दल लिहिताना मला हे पत्र सतत आठवतं. मुलांशी कसं बोलायचं याची सवय आपल्याला मुलांकडून लागत नाही. आपण लहान असताना जे वाचलं, शाळेत जे ऐकलं, त्यातून ती अंगात मुरते आणि लिहायला बसलं की आधी तीच बाहेर येते. पहिला मसुदा म्हणूनच बहुधा दुसऱ्याच्या आवाजात असतो. माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर'सारखी पुस्तकं वाचताना ही उसनी सवय किती निकरानं खरवडून काढावी लागली असेल याची कल्पना येते. तिथं घरातली माणसं राधाला दिसतात तेवढी आणि तशीच येतात. लेखिका मधे पडून कुणाची थोरवी सांगत नाही.

असं खरवडणं एकट्यानं होत नाही, त्याला संपादक लागतो. लिंदग्रेन १९४६ पासून १९७० पर्यंत स्वतः राबेन अँड श्योग्रेनमध्ये बालपुस्तकांच्या संपादक होत्या. सकाळी घरी लिहायच्या आणि दुपारी कचेरीत इतरांची हस्तलिखितं वाचायच्या. मराठीत हे काम मुख्यतः मासिकांनी केलं. वा. गो. आपटे यांचा 'आनंद' १९०६ मध्ये सुरू झाला, भा. रा. भागवतांचा 'बालमित्र' १९५१ मध्ये, बालभारतीचं 'किशोर' १९७१ मध्ये. फास्टर फेणे लिहिणारे भागवत स्वतः संपादक होते ही गोष्ट मला योगायोगाची वाटत नाही. आज पुस्तकं पूर्वीपेक्षा देखणी निघतात, चित्रं आणि कागद सुरेख असतो, पण हस्तलिखितावर मुलाच्या बाजूनं बसून काम करणारा माणूस फार थोड्या ठिकाणी दिसतो. प्रस्तावनेसाठी जसा एखाद्या मोठ्या नावाचा शोध होतो, तसा छपाईआधी एखाद्या वर्गाचा व्हायला हवा. पुस्तक आठ वर्षांच्या मुलांसाठी असेल तर तिसरीच्या वर्गात वाचून दाखवावं, आणि रेनरची आठवण ठेवून पाचवीच्या वर्गातही वाचावं. पाचवीची मुलं 'हे लहान मुलांचं आहे' असं म्हणत म्हणत शेवटपर्यंत बसून राहिली, तर हस्तलिखित छापायला द्यायला हरकत नाही.